मशीनवरची गोधडी

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. सामानात भांड्यांच्या जोडीनं गोधड्या असतातच. फडाजवळच्या कोपीतली थंडी त्यांच्यावरच काढायची असते. हातानं एक गोधडी भरायला महिना महिना जातो, आणि ज्या म्हाताऱ्यांना ती कला येते त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून घरच्या पायमशीनवर गोधडी कशी भरायची, ते सांगते.

नेहमीच्या शिवणात मशीनचे दात कापड मागं सरकवतात. गोधडीत मात्र खालचा थर सरकतो, वरचा रेंगाळतो आणि चुण्या पडतात. म्हणून दात खाली करायचे. तशी सोय नसेल तर त्यांवर पट्टी बसवायची. रफूचा फूट लावायचा. आता कापड पुढं-मागं, आडवं, गोल आपणच न्यायचं. गोल फ्रेम लावून मशीनचं भरतकाम शिकलेल्यांना यात नवं काही नाही.

टाक्याची लांबी आता हात आणि पाय मिळून ठरवतात. पाय जोरात आणि हात मंद, तर टाके एकावर एक साचतात. हात घाईत असला तर टाके लांबतात, सुईही मोडते. आठ दिवस जुन्या चादरीच्या तुकड्यांवर नुसती वेटोळी काढा. फुटाची दांडी खाली केली आहे ना, तेवढं दर वेळी बघा. रफूचा फूट कापडाला घट्ट दाबत नाही, म्हणून ते विसरतं. दांडी वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताण नसतो आणि खाली गुंताच गुंता! माझ्या शिवणवर्गात बहुतेक तक्रारी याच्याच.

हातगोधडी आपण कडेनं भरत आत जातो. मशीनवर मधून सुरुवात करून बाहेर यावं, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. त्याआधी थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या. सुईच्या उजवीकडे जागा जेमतेम वीतभर, तेव्हा तिकडची बाजू गुंडाळून ठेवावी लागते.

हौसेनं दाट नक्षी मात्र भरू नका. ऊब थरांमधल्या हवेची असते. दाट शिवलेली गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. ओळींत चार बोटं अंतर पुरे. सिंथेटिक साड्या निसटतात, सुतीच बऱ्या. आणि आईचं विरलेलं लुगडं वर लावणार असाल, तर सुईनं ते फाटेल. तेवढा भाग हातानंच भरा.