पहिली फळी गेली, मागे कोण?

पावसाळ्यात मोरव्याला लाइट गेली की आपला कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो. पण जनरेटर वेळेत सुरू झाला नाही तर थोड्याच वेळात यूपीएसही मान टाकतो. परदेशात तातडीनं सैन्य पाठवण्याचं गणित असंच आहे. खडी फौज लगेच निघते. ती झिजायला लागली की राखीव फौज लागते.

याची किंमत आपल्याच माणसांनी मोजली आहे. ऑक्टोबर 1914 मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून जहाजानं निघाली आणि नोव्हेंबरात इराकमधलं बसरा हाती आलंसुद्धा! 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी याच डिव्हिजनच्या. पण मागे काय होतं? युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी सैन्याच्या राखीव अधिकाऱ्यांच्या यादीत जेमतेम 40 नावं! राखीव शिपायांतले बरेच जण वयानं आणि तब्येतीनं लढाईजोगे उरले नव्हते. शिपायांची भाषा जाणणारा अधिकारी पडला, की त्याच्या जागी आणायचा कोणाला? नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला चार हजारांवर माणसं ठार-जखमी झाली. उरलेली डिव्हिजन कूतच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 ला भुकेपायी शरण गेली. (जहाजं, औषधं यांचाही घोळ होताच, सगळा दोष राखीव दलाचा नाही.)

पुढे 1922 मध्ये पलटणींचे गट करून प्रत्येक गटाला एक शिक्षण देणारी पलटण जोडली. मराठ्यांची बेळगावला होती. म्हणजे जनरेटर कायमचा बसवला!

मग सगळंच राखीव ठेवून पैसे का वाचवू नयेत? कारण 3 नोव्हेंबर 1988. मालदीवची हाक सकाळी आली आणि त्याच रात्री आग्र्याचे पॅराट्रूपर्स तिथल्या विमानतळावर उतरले. नोकरीवरच्या माणसाला बोलावून, गणवेश चढवून हे होत नाही. श्रीलंकेत मात्र 1987 पासून अडीच वर्षं फौज ठेवावी लागली, आणि तिथे टेरिटोरियल आर्मीनेही काम केलं.

ही टेरिटोरियल आर्मी 1949 ची. एरवी नोकरी-धंदा सांभाळायचा, दरवर्षी ठराविक काळ ट्रेनिंग घ्यायचं. पुणे आणि कोल्हापूरला तिच्या मराठा पलटणी आहेत. तेलक्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या युनिट्सही आहेत. रिफायनरी चालवणारा इंजिनिअर एका रात्रीत तयार होत नाही ना! पदवी आणि नोकरी असलेल्याला अधिकारी म्हणून अर्ज करता येतो, वयाची अट 18 ते 42. फायनल इयरवाल्यांनो, बघा बरं.