‘कोर्टात वाटप झालंय’ असं घरचे सांगतात, पण तो कागद मिळतो कुठे?

समजा, अवसरी बुद्रुकमधल्या एका घरातली मुलगी लग्न होऊन मंचरला नांदते. वडील गेल्यानंतर ती भावांकडे वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचा विषय काढते. भावांचं उत्तर तयार असतं: “ताई, त्या जमिनीचं वाटप कोर्टातच झालंय. तू लहान होतीस तेव्हा.” कोणत्या कोर्टात, कोणत्या साली, कोणाकोणात, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नाही. कागद कुणी पाहिलेला नसतो. वकील वारलेले असतात.

असा संवाद महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. पण इथे सगळा खेळ त्या एका कागदावर आहे.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल, तर ते या दुरुस्तीमुळे उघडता येत नाही. म्हणजे भाऊ म्हणतात ते खरं असेल, तर तारीख आणि हुकूमनामा दोन्ही दाखवता यायला हवं. आणि ते तपासण्याचा मार्ग ताईलाही मोकळा आहे.

आधी ठरवा, ‘कोर्ट’ म्हणजे नेमकं कोणतं?

गावाकडे ‘कोर्ट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. तहसीलदारांपुढे रस्त्याची केस चालली तरी कोर्ट, प्रांतांकडे फेरफारावर अपील केलं तरी कोर्ट. पण ही महसुली प्रकरणं आहेत. त्यांची कागदपत्रं दिवाणी न्यायालयात मिळत नाहीत. आंबेगाव तालुक्यात तहसील कार्यालय घोडेगावला आहे, तर आंबेगाव-जुन्नर उपविभागाचं प्रांत कार्यालय मंचरला. कूळकायद्याची जुनी प्रकरणंही महसूल खात्याकडेच शोधावी लागतात.

मालकी, वाटप, मनाई हुकूम, खरेदीखत रद्द करणं असे दावे चालतात दिवाणी न्यायालयात. अवसरी बुद्रुकसाठी पहिलं ठिकाण म्हणजे मंचर-भीमाशंकर रस्त्यावरच्या घोडेगावचं दिवाणी न्यायालय. (ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कारभार घोडेगावात आहे.) मात्र दाव्याची रक्कम मोठी असेल किंवा सरकार पक्षकार असेल, तर तो दावा वरिष्ठ स्तर न्यायालयात, म्हणजे राजगुरुनगर किंवा पुण्यातही चाललेला असू शकतो. अपील झालं असेल तर त्याची फाइल जिल्हा न्यायालयाच्या स्तरावर शोधावी लागते.

केस नंबर घरातच सापडू शकतो

न्यायालयात “आमच्या आजोबांची केस शोधून द्या” म्हटलं, तर कर्मचारी पहिला प्रश्न विचारणार: नंबर काय आणि साल कोणतं? हे दोन आकडे हातात असतील, तर निम्मं काम झालं म्हणून समजा. नसतील तर शोध सातबारापासून सुरू करा.

जुन्या सातबारावर नावांजवळ फेरफार क्रमांक लिहिलेले दिसतात आणि कमी झालेल्या नावांना कंस केलेला असतो. वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावाजवळचा क्रमांक घ्या आणि तो फेरफार काढा. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. ती तलाठी कार्यालयात (तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. स्कॅन झालेले जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवरही पाहता येतात.

न्यायालयाच्या आदेशावरून नोंद झाली असेल, तर फेरफारात न्यायालयाचं नाव आणि ‘रे. मु. नं.’ असं काहीतरी दिसेल. रे. मु. नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, साधा दिवाणी दावा. ‘स्पे. मु. नं.’ असेल तर तो वरिष्ठ स्तर न्यायालयातला. ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज. तो दिसला तर त्याच्या आधी एक मूळ दावा होता, हे पक्कं.

आणि फेरफारात न्यायालयाचा उल्लेखच नसेल तर? मग जमीन तहसीलदारांपुढे किंवा आपसात वाटून घेतली असण्याची शक्यता वाढते. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, पण ‘कोर्टात झालंय’ या वाक्यावर शंका घ्यायला जागा आहे. जुन्या ट्रंकेतली समन्सची प्रत, वकिलांची पावती, बँकेच्या कर्जप्रकरणातली कागदं यांवरही केस नंबर सापडतो.

मोबाइलवर काय दिसतं, काय नाही?

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ही वेबसाइट आणि त्याच नावाचं ॲप, दोन्ही मोफत आहेत. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडलं की केस नंबर, पक्षकाराचं नाव किंवा वकिलाचं नाव टाकून शोधता येतं. प्रत्येक केसला १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक असतो. त्यातली पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. हा क्रमांक मिळाला तर बाकी काहीच टाकावं लागत नाही.

नावाने शोधताना गडबड होते ती स्पेलिंगमुळे. नावं बहुतेक वेळा इंग्रजीत नोंदलेली असतात आणि एकाच ‘चव्हाण’चं स्पेलिंग तीन-चार प्रकारे आढळतं. त्यामुळे पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाचा छोटा तुकडा टाकून पाहा. वडिलांचं, आजोबांचं, चुलत्यांचं अशी सगळी नावं आळीपाळीने शोधा. निकाली प्रकरणांचा पर्याय निवडायला विसरू नका. चालू प्रकरणांतच शोधून “काही नाही” म्हणणारे बरेच असतात.

वेबसाइटवर न सापडणं म्हणजे केस नव्हतीच असंही नाही. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ साली सुरू झाला. त्याआधी निकाली निघालेली अनेक प्रकरणं ऑनलाइन दिसत नाहीत, त्यांच्या नोंदी न्यायालयातल्या रजिस्टरमध्ये असतात. आणि वेबसाइटवरून आदेशाची पीडीएफ मिळाली, तरी ती फक्त माहितीसाठी. बँक, तहसीलदार किंवा दुसरं न्यायालय मागतं ती प्रमाणित नक्कल.

नक्कल अर्जात काय लिहायचं?

‘केसची सगळी कागदपत्रं’ असं लिहिण्याचा मोह टाळा. प्रत्येक पानाला पैसे लागतात आणि बरीच पानं उपयोगाची नसतात. न्यायालयात कागदांना ‘निशाणी’ क्रमांक दिलेले असतात. निशाणी १ म्हणजे सहसा दावा, निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. प्रतिवादीचं उत्तर म्हणजे कैफियत. वाटपाच्या प्रकरणात बहुधा चार गोष्टी पुरतात: दावा, न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि रोजनामा.

यातला रोजनामा लोक विसरतात. त्यात प्रत्येक तारखेला काय घडलं याची नोंद असते. कोण हजर होतं, कोणाला समन्स बजावलं, तडजोड कधी दाखल झाली, हुकूमनाम्यानंतर कागद पुढे पाठवले का, हे सगळं तिथे कळतं. फार तर एक-दोन ओळींच्या नोंदी, पण घरात वर्षानुवर्षं सांगितली जाणारी गोष्ट खरी की खोटी, हे ठरवायला त्या कधीकधी पुरतात.

अर्ज मराठीत चालतो. त्यावर कोर्ट फी स्टँप लावून तो नक्कल विभागात द्यायचा. केस नंबर, साल, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि हवी असलेली कागदं लिहायची. पानांप्रमाणे शुल्क भरावं लागतं, तातडीची नक्कल हवी असल्यास जास्त. अर्जाची पोच किंवा नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तुम्ही त्या दाव्यात पक्षकार असाल, तर नक्कल मिळणं हा हक्कच आहे. आपल्या उदाहरणातली ताई पक्षकार नव्हती. तिने अर्जात सांगायचं की, वडील या दाव्यात पक्षकार होते, मी त्यांची वारस आहे आणि हिश्श्यासाठी हे कागद हवेत. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला आणि नातं दाखवणारा पुरावा जोडायचा. त्रयस्थाला कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून कारण मोघम नको. सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित प्रतींची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे.

माहिती अधिकारात अर्ज टाकला तर?

वेळ वाया जाण्याची शक्यता जास्त. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात सांगितलं की, न्यायालयीन कागदपत्रांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्या लागतील, माहिती अधिकारातून नाही. सरकारी कार्यालयांत आरटीआय चालतो म्हणून न्यायालयातही चालेल, हा समज इथे तोट्याचा ठरतो.

फाइल नष्ट झाली असेल तर?

न्यायालयातलं प्रत्येक कागदपत्र कायम ठेवलं जात नाही. निकालानंतर कागदांची वर्गवारी होते आणि ठरलेल्या मुदतीनंतर काही वर्ग नष्ट केले जातात. किरकोळ अर्ज लवकर जातात. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा त्यांच्यापेक्षा खूप जास्त काळ जपले जातात. त्यामुळे “रेकॉर्ड नाही” असं तोंडी उत्तर मिळालं, तर अर्ज लेखी द्या आणि शेराही लेखी मागा. फाइल नसली तरी रजिस्टरमधली नोंद शिल्लक असू शकते. तहसीलदारांनी फेरफारासाठी घेतलेली हुकूमनाम्याची प्रत महसुली फाइलमध्ये असू शकते. अपील झालं असेल तर वरच्या न्यायालयाच्या निकालपत्रात खालच्या निकालाचा सारांश मिळतो.

तुमच्या घराण्याचं मूळ खरेदीखत दाव्यात दाखल केलेलं असेल, तर तेही विचारा. अपिलाची मुदत संपल्यावर दाखल करणाऱ्याला मूळ दस्त परत मागता येतो. अनेकांनी तो कधी मागितलेलाच नसतो.

कागद हातात आला. आता काय वाचायचं?

आधी पक्षकारांची नावं. दावा वडील आणि चुलत्यांमध्ये होता का? तसं असेल तर वाटप दोन शाखांमध्ये झालं. वडिलांच्या वाट्याला आलेली जमीन पुढे त्यांच्या मुलामुलींमध्ये वाटली गेली, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग हुकूमनामा प्राथमिक आहे की अंतिम ते पाहा. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात, एक तृतीयांश, एक चतुर्थांश वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गंडुरी कोटेश्वरम्मा प्रकरणात म्हटलं की, केवळ प्राथमिक हुकूमनामा झाला म्हणजे वाटप पूर्ण झालं असं नाही, आणि मुलींच्या हक्कानुसार हिस्से बदलता येतात. शेतजमिनीच्या बाबतीत प्रत्यक्ष सरस-निरस पाहून तुकडे पाडण्याचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. १९९०च्या दशकातला हुकूमनामा सापडला, पण पुढे मोजणी, ताबा, फेरफार काहीच दिसत नसेल, तर वाटप कायद्याने पूर्ण झालं होतं का, हा प्रश्न वकिलासमोर ठेवण्यासारखा आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. देशभरासाठी हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. जाताना सातबारा, फेरफार आणि नक्कल अर्जाची पोच सोबत असू द्या.