टीबीच्या घरातले डाळ-तांदूळ

वस्तीत कोणाला टीबी झाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटे सुरू होतात आणि शेजारची एखादी आजी घरच्यांना बजावते, "पोराला नीट खाऊ घाला गं, अंगात काहीच नाही त्याच्या." गोळीमागे शास्त्र आहे हे सगळे मानतात. आजीचे बोलणे मात्र वर्षानुवर्षे नुसता प्रेमाचा सल्ला म्हणून राहिले. पण त्याच गोष्टीची आकडे मोजून तपासणी झाली. ती झारखंडमध्ये झाली, सरकारी पैशातून झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली जगासमोर आले.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि नवे इंजेक्शन येते. पण संशोधनाची दुसरीही एक जात आहे. औषध आहेच, मग ते रुग्णापर्यंत कसे पोहोचवायचे? त्याला घरी ठेवायचे की इस्पितळात? सोबत काय द्यायचे? कोणाकडे आधी लक्ष द्यायचे? अशा प्रश्नांवर औषध कंपनी सहसा पैसे घालत नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही. डाळीचे पेटंट घेता येत नाही. म्हणून हे काम सरकारी तिजोरीतून करावे लागते. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, असा पैसा देते. १९११ साली ही संस्था इंग्रजांच्या काळात वेगळ्या नावाने सुरू झाली, १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचा पैसा केंद्र सरकारकडून येतो, म्हणजे साबणाची वडी घेताना आपण जो कर भरतो त्यातूनही.

टीबीच्या बाबतीत असे एक मोठे काम पूर्वीही झाले आहे. त्या काळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या लोकांना आठवत असेल. मोकळी हवा, खाट, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती. गरिबाला ते परवडत नव्हते आणि देशात तेवढ्या खाटाही नव्हत्या. १९५६ साली मद्रासमध्ये आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, दाटीवाटीच्या खोल्यांत. औषधे दोघांना सारखीच. वर्षभरानंतर दोन्ही गटांतले रुग्ण जवळपास सारखेच बरे झालेले दिसले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात टीबी जास्त पसरला, असेही आढळले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीचे उपचार घरी राहून करण्याची वाट मोकळी झाली. आज आपला माणूस घरात राहून गोळ्या खातो, त्यामागे मद्रासच्या त्या गरीब रुग्णांचा वाटा आहे.

मात्र या अभ्यासाची दुसरी बाजूही झाली. सॅनेटोरियममध्ये खाणे चांगले होते, घरी नव्हते, तरी रुग्ण बरे झाले. त्यावरून टीबीला आहाराची फारशी गरज नाही, गोळ्या पुरतात, असा समज धरला गेला आणि पुढे अनेक दशके सरकारी कार्यक्रमात अन्नाचा विषय मागे पडला. खरे तर घरी बरे होता येते का, एवढाच तो प्रश्न होता. अर्धपोटी घरात पुढचा टीबी कोणाला होतो, हा प्रश्न वेगळा होता.

तो विचारला गेला झारखंडमध्ये. मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी आयसीएमआरच्या निधीतून आणि सरकारी टीबी कार्यक्रमाच्या सोबतीने हा अभ्यास केला. मद्रासचे ते जुने केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आहे, तीही यात होती. चार जिल्ह्यांत २८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. घरच्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आदिवासी होते : संथाल, हो, मुंडा, उराँव. रुग्णांची अवस्था वाचताना पोटात कालवते. दहातले आठ जण कुपोषित होते आणि जवळजवळ निम्मे तर अतिशय गंभीर.

रुग्णांना सगळ्यांनाच महिन्याला दहा किलोचा शिधा दिला, त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या. फरक घरच्यांत केला. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली, लहान मुलांना त्याच्या निम्मे. उरलेल्या भागांत घरच्यांना वेगळे काही नाही. मग सुमारे दोन वर्षे लक्ष ठेवले. शिधा न मिळालेल्या घरांत हजार माणसांमागे साधारण २६ जणांना टीबी झाला, मिळालेल्या घरांत १७ जणांना. सगळा हिशेब करून टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी घटला. कोणती लस नाही, नवे औषध नाही. तांदूळ आणि डाळ.

रुग्णांबद्दल आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

उपाशी घराला अन्न द्यावे हे सिद्ध करायला एवढा खटाटोप कशाला, आणि निम्म्या घरांना वगळायचे तरी कसे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मलाही तो बोचतो. पण भूक डोळ्यांनी दिसली म्हणून सरकारी तिजोरी उघडत नाही, तिला टक्केवारी लागते. आता टक्केवारी आली आहे.

त्याचे पुढे काय झाले? निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. दिवसाचे ३३ रुपये. हे पाऊल चांगलेच आहे. पण झारखंडमध्ये नवा टीबी रोखला तो घरच्यांच्या शिध्याने, आणि घरच्यांची सोय मात्र 'निक्षय मित्र' योजनेवर सोडली आहे. म्हणजे एखादी कंपनी, संस्था किंवा सधन माणूस पुढे आला तर त्या कुटुंबाला अन्नाचे किट. नाही आला तर नाही. गोळी सरकार हक्काने देते. तितकाच टीबी अडवणारी डाळ मात्र कोणाच्या तरी दानतीवर का? पोषणाचा दर्जा उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे संविधानाचे कलम ४७ सांगते. रेशनवर प्राधान्य कार्डाला डोईमागे ५ किलो धान्य मिळते, पण अन्नसुरक्षा कायद्यात डाळ नाही. आणि शहरातल्या वस्तीत कित्येक घरांचे कार्ड अजून गावाकडेच आहे.

तमिळनाडूने २०२२ पासून आणखी एक साधी गोष्ट सुरू केली. तिथली आयसीएमआरची संस्था आणि राज्याचा टीबी विभाग यांनी मिळून ती बसवली. टीबीचे निदान होताच रुग्णाचे वजन-उंची, पायाची सूज, श्वासाचा वेग आणि बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन बघायचा, आधाराशिवाय उभे राहता येते का ते बघायचे. ज्याची तब्येत नाजूक त्याला लगेच इस्पितळात दाखल करायचे. यासाठी लागते ते वजनकाटा, मोजपट्टी आणि एक लहानसे यंत्र.

आपल्या वस्तीतही संशोधनवाले येतात, फॉर्म भरून घेतात, रक्त नेतात. त्यांना हाकलून लावायचे कारण नाही. पण संमतीपत्र मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, त्याची प्रत ठेवा. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत, आणि मधूनच बाहेर पडायलाही मोकळीक असते. पैसा कोणाचा, हे विचारा. काय निष्कर्ष निघाला ते वस्तीत येऊन सांगणार का, हेही विचारा.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर पहिल्याच दिवशी वजन कार्डावर लिहून घ्या आणि दर महिन्याला पुन्हा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाचे वजन साधारण साडेपंचेचाळीस किलोच्या खाली असेल तर तो कुपोषित आहे, आणि एकोणचाळीसच्या आसपास किंवा खाली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाखल करून घ्यायची गरज आहे का ते बघा. पोषणाचे पैसे बँक खात्यात येतात, तेव्हा खात्याचा तपशील दवाखान्यात नोंदला आहे ना ते विचारा. घरातल्या सगळ्यांची, लहान मुलांचीसुद्धा तपासणी करून घ्या; टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणूनही सरकारी गोळ्या मिळतात. निक्षय मित्राचे किट घरच्यांसाठी मागता येते, त्यासाठी रुग्णाची संमती लागते. काही अडले तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत क्रमांक आहे. फोन करताना कार्डावरचा निक्षय आयडी हाताशी ठेवा.