अस्वलापासून तीनशे मीटरवर

१ जानेवारी २०२५पासून स्वालबार्ड बेटांवर ध्रुवीय अस्वलाच्या ३०० मीटरच्या आत जायला कायद्यानं बंदी आहे. १ मार्च ते ३० जून या काळात हे अंतर ५०० मीटर असतं, कारण तेव्हा माद्या पिल्लांना घेऊन बिळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात आणि सीलच्या शिकारीवर अंगात चरबी साठवत असतात. अस्वलाला त्रास देणं पूर्वीही गुन्हाच होता, पण किती जवळ गेलं म्हणजे त्रास, याचा आकडा ठरलेला नव्हता. आता तो ठरला आहे. त्यामुळे लाखो रुपये मोजून एवढ्या उत्तरेला गेलेल्या प्रवाशाला अस्वल दिसतं ते दुर्बिणीतून, बर्फाहून किंचित पिवळसर असा हलणारा ठिपका म्हणून. पर्यटन व्यावसायिकांनी या नियमांवर बरीच टीका केली. मला मात्र हा नियम योग्य वाटतो. का, ते कळण्यासाठी हा प्रवास चालतो कसा आणि या बेटांनी आजवर काय सोसलं आहे, हे आधी पाहायला हवं.

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बराच उत्तरेला, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला द्वीपसमूह. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर आणि त्यातला जवळपास ६० टक्के भाग हिमनद्यांखाली. सगळ्यांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. त्यावरचं लाँगइयरब्येन हे मुख्य गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. ऑस्लोहून विमानानं तीन तासांत तिथे पोचता येतं. पण गावाची वेस ओलांडली की रस्ता संपतो. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला सडकच नाही. उन्हाळ्यात ही बेटं पाहायची तर जहाजाला पर्याय नाही.

भारतीय प्रवाशानं एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्यात पहिल्यापासून आहे. या बेटांवर उतरायला व्हिसा लागत नाही. मात्र वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणजे परतताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा नव्यानं शिरता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा काढून गेलात, तर परतीच्या वेळी अडकाल. निदान दोन प्रवेशांचा व्हिसा हवाच.

या सफरींची जहाजं लहान असतात. काहींवर बाराच प्रवासी, मोठ्यांवर दोनशेच्या आतबाहेर. संरक्षित क्षेत्रात दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला आता मज्जावच आहे. हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. लाँगइयरब्येनमध्ये २० एप्रिलच्या सुमाराला वर आलेला सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर उतरायची वेळ रात्री दहाचीही असू शकते. जुलैत तिथलं सरासरी तापमान सात अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उघड्या होडीत वारा लागला की ते सात अंश अंगाला तसे जाणवत नाहीत, बरेच कमी वाटतात.

छापील कार्यक्रमपत्रिका हातात पडते, पण ती इच्छांची यादी समजावी. मोहिमेचा प्रमुख आणि कप्तान नॉर्वेच्या हवामान खात्याचा बर्फाचा नकाशा समोर ठेवून रोज नव्यानं ठरवतात. हिनलोपेनची सामुद्रधुनी बर्फानं बुजली असेल तर स्पिट्सबर्गनला पूर्ण प्रदक्षिणा होत नाही. जहाज पश्चिम किनाऱ्यानंच मागे फिरतं. धुकं उतरलं तर उतरणं रद्द, कारण धुक्यात अस्वल दिसत नाही. ज्याला ठरल्याप्रमाणे सगळं घडायला हवं असतं, त्यानं या वाटेला जाऊच नये, असं मी मनापासून सांगेन.

किनाऱ्यावर उतरण्याची रीत ठरलेली असते. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कपड्यांचे खिसे, चिकटपट्ट्या, बुटांचे तळवे तपासून साफ करून घेतात. त्यात अडकलेलं परक्या गवताचं बी तिथे रुजायला नको म्हणून. मग वाटाडे आधी दुर्बिणीनं किनारा न् किनारा धुंडाळतात, होडीतून पुढे जातात, टेकाडापलीकडे पाहून येतात आणि रायफली व आवाजी गोळ्यांची पिस्तुलं घेऊन मोक्याच्या जागी उभे राहतात. तोवर प्रवासी जहाजावर थांबतात. नंतर झोडियाक नावाच्या रबरी होडीत दहा-दहा जण बसतात. चढता-उतरताना खलाशाचा तळवा धरायचा नाही, मनगट धरायचं आणि त्यानं आपलं धरायचं. ओल्या हातमोज्यातून तळवा निसटतो, मनगट निसटत नाही. ज्यांना बोट लागते, त्यांनी गोळी पोटात कालवाकालव सुरू होण्याआधी घ्यावी. नंतर ती टिकत नाही.

एवढी काळजी का, याला कारण आहे. जुलै २०१८मध्ये अगदी उत्तरेच्या फिप्सया बेटावर प्रवाशांच्या आधी किनारा तपासायला उतरलेल्या एका रक्षकावर अस्वलानं झडप घातली. तो जखमी झाला आणि अस्वल गोळी घालून मारावं लागलं. माणसं पाहायला आली नसती तर ते अस्वल त्या दिवशी मेलं नसतं, हे विसरून चालणार नाही.

आता फ्योर्डांकडे. कोकणातली खाडी नदीच्या मुखाशी समुद्र आत शिरून झालेली असते; फ्योर्ड हिमनदीनं कोरलेला असतो. शेकडो मीटर जाडीचा बर्फ हजारो वर्षं खडक खरवडत समुद्राकडे सरकला, मागे खोल, उभ्या भिंतींची दरी राहिली आणि बर्फ मागे हटल्यावर तिच्यात समुद्राचं पाणी भरलं. इथला सर्वांत लांब विडेफ्योर्ड १०८ किलोमीटर आत जातो. कित्येक फ्योर्डांच्या टोकाशी अजूनही हिमनदी उभी असते आणि जहाज तिच्यासमोर, सुरक्षित अंतर राखून थांबतं. कडा कोसळला की उठणारी लाट रबरी होडी उलटवू शकते.

लीफ्डेफ्योर्डच्या टोकाची मोनाकोब्रेन ही अशीच एक हिमनदी. तिच्या कड्याखाली किटिवेक नावाचे पांढरे समुद्रपक्षी शेकड्यांनी गोळा झालेले दिसतात. ते तिथे का येतात, हे समजलं की दृश्य दुप्पट रंगतं. हिमनदीच्या पोटातून वितळलेलं गोडं पाणी समुद्राखालीच बाहेर पडतं. खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते उसळून वर येतं आणि येताना खोलातले बारीक जीव सोबत ओढून आणतं. पक्ष्यांना ताट वाढलेलं मिळतं.

होडीचं इंजिन बंद केलं की भोवतालच्या तरंगत्या बर्फातून सतत तडतड ऐकू येते. कधीकाळी पडलेल्या बर्फाच्या थरांत हवा अडकली, वरच्या ओझ्यानं ती दाबली गेली. आता बर्फ वितळताना ते बुडबुडे फुटतात. जिथे दाब एवढा असतो की हवा जवळपास उरतच नाही, तो बर्फ निळा दिसतो, कारण दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा आपल्यापर्यंत पोचू देतो.

मला स्वतःला या सगळ्यात अस्वलापेक्षाही हिनलोपेनमधला आल्केफ्येलेट महत्त्वाचा वाटतो. काळ्या खडकाचा, सुमारे शंभर मीटर उंचीचा हा सरळसोट कडा. त्यावर ब्रुनिच गिलेमॉट या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या साठ हजारांच्या घरात जोड्या. घरटं नाहीच. उघड्या खडकाच्या अरुंद पट्टीवर एकच अंडं, एका बाजूला निमुळतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, उडता येत नसतानाही, ते कड्यावरून खाली समुद्रात उडी घेतं. त्या वेळी खाली बाप असतो, आई नसते. पाण्यात दोघं हाका मारून एकमेकांना शोधतात आणि पोहत खोल समुद्राकडे निघतात. पुढचे कित्येक आठवडे बापच त्याला भरवतो. जे पिल्लू पाण्याऐवजी किनाऱ्यावर पडतं, त्याच्यासाठी आर्क्टिक कोल्हा कड्याच्या पायथ्याशी टपून असतो. पिल्लांच्या उड्यांचे हे दिवस जुलैच्या अखेरीपासून सुरू होतात. ज्याला तारीख निवडता येते, त्यानं ती त्याप्रमाणे निवडावी.

ही बेटं कशातून गेली आहेत, ते स्मीरेनबर्गला कळतं. विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीनं १५९६मध्ये स्पिट्सबर्गन पाहिलं आणि पुढच्या वीस वर्षांत देवमाशांची शिकार करणारी जहाजं इथे लोटली. स्मीरेनबर्ग हे डचांचं ठाणं. किनाऱ्यावरच भट्ट्या लावून देवमाशाची चरबी कढवायची आणि दिव्यासाठी, साबणासाठी तेल पिंपांत भरून युरोपला न्यायचं. उकळीत सांडलेलं तेल वाळू-खड्यांत मुरून दगडासारखं कठीण झालं. त्या भट्ट्यांची गोल कडी आजही किनाऱ्यावर दिसतात. देवमासा मात्र दिसत नाही. ज्या बोहेड जातीच्या देवमाशांनी हे फ्योर्ड भरलेले असत, ती जात इथून जवळजवळ नाहीशी झाली. मग वॉलरसची पाळी आली, सुळे, कातडी आणि चरबीसाठी. १९५२मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा तो इथे बोटांवर मोजण्याइतका उरला होता. अस्वलांची शिकार तर १९७३पर्यंत चालू होती. डोंगरांतून कोळसा निघाला तो वेगळा. लाँगइयरब्येन हे नावच जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकी खाणमालकाचं. नॉर्वेची तिथली शेवटची खाण २०२५मध्ये बंद झाली.

चारशे वर्षं माणूस इथे काही ना काही उचलून न्यायला आला. आता तो पाहायला येतो, हा मोठा बदल आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण पाहणंही फुकट होत नाही. समुद्राचा बर्फ मागे हटल्यावर किनाऱ्यावर अडकलेलं अस्वल उन्हाळाभर जवळपास उपाशी असतं. होडी जवळ आली म्हणून ते झोपेतून उठून चालू लागलं, तर साठवलेली चरबी जळते. एका होडीमुळे फारसं बिघडत नसेल. हंगामभर एकामागून एक येणाऱ्या जहाजांमुळे बिघडतं. प्रत्येक प्रवासी स्वतःपुरता निरुपद्रवी असतो, म्हणून हिशोब सगळ्यांचा मिळून करावा लागतो. कायद्यानं तो केला आहे. संरक्षित क्षेत्रात आता ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच उतरता येतं. वॉलरसच्या मॉफेन बेटाजवळ १५ मे ते १५ सप्टेंबर फिरकायचंच नाही. आणि १९४६पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण हा वारसा मानला जातो. त्यात गंजका पत्र्याचा डबा येतो, जुन्या झोपडीची फळी येते, कत्तल झालेल्या प्राण्यांची हाडंही येतात. काहीही उचलायचं नाही.

कोंग्सफ्योर्डमधल्या नी-ओलेसुंडला जहाज लागलं की आणखी एक सूचना येते: वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. तिथल्या रेडिओ दुर्बिणींना अडथळा नको म्हणून वीस किलोमीटरच्या परिघात ही बंदी आहे. हेही पूर्वी कोळशाचंच गाव. १९६२च्या अपघातात २१ खाणकामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. ध्रुवसंशोधक आमुंडसेन आणि नोबिले यांचं ‘नॉर्ज’ हवाई जहाज १९२६मध्ये ज्या लोखंडी मनोऱ्याला बांधलं होतं, तो गावाबाहेर अजून उभा आहे. गावातल्या एका इमारतीवर ‘हिमाद्री’ हे नाव दिसतं. हे भारताचं केंद्र, १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं. ते चालवते गोव्यातल्या वास्को-द-गामा इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. याच फ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर जुलै २०१४मध्ये भारतानं पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह मोजणारी उपकरणांची साखळी सोडली.

गोव्यातल्या संस्थेला एवढ्या उत्तरेच्या पाण्याशी काय देणंघेणं, हा प्रश्न रास्त आहे. या संस्थेच्या आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असावा असं दाखवलं. कापणीच्या तोंडावर सोयाबीन भिजलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा विषय लांबचा वाटू नये. आणि लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरात २००८पासून असलेल्या जागतिक बियाणे कोठारात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमुगाचं बियाणं ठेवलं आहे. २०१६च्या शरदात अवेळी पावसानं आणि वितळलेल्या बर्फानं त्याच कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाणं सुखरूप राहिलं, पण कायम गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर बांधलेल्या इमारतीचा प्रवेशबोगदा नव्यानं बांधावा लागला.

इथे येण्यासाठी जाळलेलं इंधन या वितळण्यात भर घालतं, हे प्रत्येक प्रवाशानं स्वीकारून निघावं. त्यावर सोपं उत्तर नाही. पण जायचंच ठरलं, तर निवड आपल्या हातात असते. स्वालबार्डच्या पाण्यात जड इंधन तेलाला २०२२पासून बंदी आहे, तरी जहाजागणिक फरक उरतोच. प्रवासी किती, एका वेळी किती जण किनाऱ्यावर उतरतात, माणशी वाटाडे किती, एका दिवसात किती अंतर कापतात, हे कंपनीला पैसे भरण्याआधी विचारा. अस्वल दाखवण्याची हमी देणाऱ्या कंपनीला नकार द्या. विम्यात शोध आणि बचावाचा खर्च आहे का, हे कागदावर पाहा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानानं ट्रॉम्सोला न्यावं लागतं.