लग्नाच्या डीव्हीडीची आधी इमेज करा

2000 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या घरांत लग्न, मुंज किंवा साठीशांत झाली, त्या घरांच्या कपाटात शूटिंगवाल्याने दिलेली सीडी नाहीतर डीव्हीडी हमखास सापडते. ती जपायची म्हणजे तिच्यावरून आणखी एक डिस्क राइट करून घ्यायची, असा बहुतेकांचा समज आहे. तो आता सोडायला हवा. जपायची ती डिस्कची इमेज. नवी डिस्क ही फार तर सोय, आणि तीही आताशा क्वचितच लागणारी.

याचे कारण डिस्कच्या पोटात आहे. दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर माहितीचे सूक्ष्म खळगे कारखान्यातच साच्याने दाबून उमटवलेले असतात. स्टुडिओत किंवा घरी लिहिलेल्या डिस्कवर खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसरने तो जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी हा रंग बिघडत जातो. शिवाय सीडीचा चकचकीत थर असतो लेबलाच्या बाजूला, वार्निशच्या लगेच खाली. म्हणून चमकती बाजू जिवापाड जपणारे लोक वरच्या बाजूला बॉलपेनने वधू-वरांची नावे कोरतात, तेव्हा खरे नुकसान तिथेच होते. जुन्या डिस्कवरून नवी लिहून घेतली, तरी भरवसा पुन्हा त्याच रंगाच्या थरावर. त्यात आता नव्या लॅपटॉपांत डीव्हीडी ड्राइव्ह सहसा नसतेच, आणि सोनीने तर फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादनही थांबवले.

इमेज म्हणजे डिस्कवरचा सेक्टर न् सेक्टर ओळीने उचलून केलेली एकच फाइल. तिच्या नावापुढचे 'आयएसओ' हे शेपूट 1988 च्या आयएसओ 9660 या मानकावरून आले. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, अशा फाइलीवर डबल क्लिक केले की ती माउंट होते: संगणकाला वाटते, नवी डिस्क घातली आहे, आणि ड्राइव्हच्या यादीत एक अक्षर वाढते. व्हीएलसीमध्ये ती उघडली की डीव्हीडीचा मेनू, प्रकरणे, सगळे पूर्वीसारखे चालते. बघून झाले की राइट क्लिक करून इजेक्ट करायचे. माउंट केलेल्या आयएसओतले फक्त वाचता येते, त्यामुळे आतली एखादी फाइल चुकून पुसली जाण्याची भीती नाही. इमेज तयार करण्याची सोय मात्र विंडोजमध्ये नाही. त्यासाठी इमजीबर्नसारखे फुकट सॉफ्टवेअर घ्यावे लागते. मॅकवर हेच काम डिस्क युटिलिटी करते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फाइली सरळ पेनड्राइव्हवर कॉपी केल्या तर? व्हिडिओ_टीएस फोल्डर अख्खा उचलला तर चालतेही. पण लोक बहुधा फक्त मोठ्या व्हीओबी फाइली उचलतात, आणि मेनू व क्रम सांभाळणाऱ्या छोट्या आयएफओ फाइली मागे राहतात. त्यातून प्रत्येक डीव्हीडीवर या फाइलींची नावे जवळपास तीच असतात. एकाच फोल्डरमध्ये हळद आणि रिसेप्शनच्या दोन डिस्क कॉपी केल्या की दुसरी पहिलीला गिळते. एमपी4 करून ठेवण्याचा सल्लाही अर्धाच बरोबर. फोनवर पाठवायला एमपी4 उत्तम, पण रूपांतरात चित्राचा दर्जा थोडा घसरतो आणि मेनू जातो. इमेज हाताशी असेल तर एमपी4 केव्हाही काढता येते. उलट प्रवास होत नाही.

आयएसओलाही मर्यादा आहेत. गाण्यांची ऑडिओ सीडी आणि आपल्याकडे एकेकाळी घरोघर असलेली व्हीसीडी यांच्या सेक्टरांची रचना वेगळी असते, ती आयएसओत नीट मावत नाही. तिथे बिन आणि क्यू अशा फाइलींची जोडी घ्यावी लागते. आणि भरलेल्या डीव्हीडीची इमेज 4 जीबीहून मोठी होत असल्याने फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ती जातच नाही. जागा असूनही कॉपी नाकारली गेली, तर पेनड्राइव्ह रिकामा करून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

तरीही गावाकडच्या टीव्हीशेजारी डीव्हीडी प्लेअरच असेल, तर डिस्क लिहावी लागेलच. विंडोज 7 पासून आयएसओवर राइट क्लिक केले की 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय मिळतो. तोच निवडायचा. फाइल नुसती ओढून कोऱ्या डिस्कवर टाकली तर डिस्कमध्ये एक आयएसओ फाइल पडून राहते आणि प्लेअर काहीच ओळखत नाही. पडताळणीच्या चौकटीत खूण करायला विसरू नये. वेळ दुप्पट लागला तरी चालेल.

दोन सावधगिऱ्या. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असते, आणि 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम 65अ नुसार हक्कभंगासाठी ते तोडणे गुन्हा आहे. इथले सगळे विवेचन घरच्या चित्रणापुरते आहे. दुसरे, अनोळखी ईमेलमधून आलेली आयएसओ माउंट करू नये, तिच्यातून घातक प्रोग्रॅम पाठवले जातात. एरवी सुरुवात करायची ती हाताने नाव लिहिलेल्या डिस्कपासून. छापील सिनेमे पुन्हा कुठेतरी मिळतील, घरच्या चित्रणाची दुसरी प्रत बहुधा शूटिंगवाल्याकडेही उरलेली नसते.