थॉमस नेमका कुणाचा?

आगर, डहाणू, बोर्डी ते तलासरी या पट्ट्यात माणसांची नुसती नावे ऐकली तरी इथे कोण कोण येऊन राहिले ते कळते. वारली घरांत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही जन्मवारावरून पडलेली नावे आहेत. धाकटा म्हणून कुणी लहानू असतो. डहाणूतून १९७७ साली लोकसभेवर निवडून गेलेले लहानू कोम याच नावाचे. चिकूच्या बागायतदारांत इराण्यांचे रुस्तम, अर्देशिर आणि बेहराम आहेत, तर ख्रिस्ती घरांत थॉमस, जॉन आणि पीटर. यांतल्या रुस्तमला ‘तुझे नाव परके कसे?’ असे कुणी विचारत नाही. संजाण पडल्यावर पारशांचा पवित्र अग्नी इथल्याच बाहरोटच्या गुहेत बारा वर्षे सांभाळला होता, ही परंपरा सगळ्यांना ठाऊक असते आणि ते नाव आपलेच वाटते. थॉमसच्या बाबतीत मात्र लोक ठाम असतात. नाव इंग्रजी, इंग्रजांनी आणलेले, आणि ते लावणारा माणूस निम्मा तरी साहेबांच्या वळणाचा, असे धरून चालले जाते. या तिन्ही समजुती, आणि त्यांतूनच निघणारी चौथी, तपासल्या तर एकही टिकत नाही. एखादा शब्द कोणत्या वाटेने आला एवढेच नाव सांगते. ते लावणाऱ्या माणसाविषयी त्यावरून काहीही ठरत नाही, आणि थॉमसइतका याचा चांगला दाखला क्वचितच मिळेल.

गैरसमज पहिला : थॉमस हे अस्सल इंग्रजी नाव आहे

वस्तुस्थिती अशी की हा शब्द मूळचा अरामी, म्हणजे येशूच्या काळी पॅलेस्टाइनमध्ये घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषेतला. त्याचा अर्थ जुळा. येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाला ही ओळख चिकटली. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचा ग्रीक प्रतिशब्दही दिला आहे; मराठी बायबलात तो शिष्य ‘थोमा’ आहे आणि त्याचे दुसरे नाव ‘दिदुम’. सिरियाक परंपरेत त्याला यहूदा थोमा म्हणतात. म्हणजे यहूदा हे नाव आणि थोमा ही हाक. जन्माच्या वेळची एखादी गोष्ट हाकेत यावी आणि हाकेचेच नाव व्हावे, ही रीत सोम्या-मंगळ्यांच्या गावाला नवी नाही. थॉमस म्हणजे ‘शंकेखोर’ ही समजूतही इथेच दुरुस्त करायला हवी. पुनरुत्थानाच्या बातमीवर त्याने पुरावा मागितला म्हणून इंग्रजीत तसा वाक्प्रचार रूढ झाला, पण तो त्या माणसाच्या गोष्टीतून आला, नावाच्या अर्थातून नव्हे. शिवाय त्याच शुभवर्तमानात, जिवाचा धोका असताना ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे इतर शिष्यांना सांगणाराही हाच थोमा आहे.

इंग्लंडमध्ये हे नाव उशिराच रुजले. १०६६ साली नॉर्मनांनी तो देश जिंकण्यापूर्वी ते तिथे क्वचित, आणि तेही धर्मगुरूंपुरते दिसते. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांची त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये हत्या झाली. राजाच्या सरदारांनी केलेल्या या खुनाने युरोप हादरला. तीनच वर्षांत पोपने बेकेट यांना संतपद दिले, त्यांची समाधी तीर्थक्षेत्र झाली आणि थॉमस हे नाव शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत पोचले. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये ती समाधी उद्ध्वस्त केली आणि बेकेट यांचे नाव प्रार्थनेच्या पुस्तकांतून खोडायला लावले. पण तोवर नाव संताकडून लोकांकडे गेले होते. खुद्द हेन्रीच्या कारकिर्दीतली चार बडी माणसे पाहा: वुल्सी, मोर, क्रॉमवेल आणि क्रॅनमर. चौघेही थॉमसच.

लोकप्रियता एकदा मिळाली की कायमची, हेही खरे नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या जन्मनोंदींत १९०४ साली थॉमस पहिल्या पाचांत होता. १९६४ आणि १९७४ च्या याद्यांत तो पहिल्या दहांतही नाही. १९९४ साली तोच पहिल्या क्रमांकावर आला. राजघराणे, चर्च, व्याकरण यांपैकी कशातही या चढउताराचे कारण सापडत नाही. आजोबांच्या पिढीचे नाव वडिलांच्या पिढीला जुनाट वाटते आणि नातवाच्या पिढीला पुन्हा ताजे वाटते. आपल्याकडेही नावांचे असेच होते.

गैरसमज दुसरा : हे नाव इंग्रजांनी इथे आणले

या समजुतीला सर्वांत चोख उत्तर पालघर जिल्ह्याच्याच मातीत आहे. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांतला एक इटलीतल्या तोलेंतिनो गावचा, नाव थॉमस. चीनला जायला निघालेले हे साधू ठाण्यात एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरी उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांची प्रेते सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे ओदोरिक नावाच्या प्रवाशाने अस्थी उकरून चीनपर्यंत नेल्या. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर दुसरा एडवर्ड होता आणि ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायला अजून पावणेतीनशे वर्षे होती. आता ते साधू ज्या घरी उतरले त्या घराकडेही लक्ष द्यावे. नेस्टोरियन ख्रिस्तींची उपासना सिरियाकमध्ये चाले, आणि सिरियाक ही अरामीचीच शाखा. सहाव्या शतकातला कॉस्मस हा ग्रीक प्रवासी ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थोमा हा शब्द ज्या भाषेतला, ती भाषा उत्तर कोकणाच्या बंदरांत प्रार्थनेसाठी वापरली जात होती, आणि तेव्हा आजची इंग्रजी जन्मायची होती. केरळात तर हे नाव थोमा, तोम्मन अशा मल्याळी रूपांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

त्यानंतरचा थर पोर्तुगीजांचा. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, त्याच शतकात डहाणूपर्यंतचा किनारा त्यांच्या ताब्यात आला, आणि १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी तो सोडवला. या दोन शतकांत उत्तर कोकणात जे बाप्तिस्मे झाले ते पोर्तुगीज नावांनी झाले. थॉमसचे रूप तेव्हा ‘तोमे’ होते. इंग्रजांची पक्की सत्ता इथे आली ती पेशवाई बुडाल्यावर, १८१८ च्या सुमारास. तोवर वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव कित्येक पिढ्या मुरले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आज लोक तोमे म्हणत नाहीत, थॉमस म्हणतात, मग इंग्रजांचा हात कसा नाही? हात आहे, पण तो रूपावर. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा इंग्रजीत चालू लागल्या आणि जुनी पोर्तुगीज नावे इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, उत्तर कोकणातल्या ख्रिस्तींनी नोकऱ्यांत गोव्याच्या ख्रिस्तींपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. हा काळाचा आणि पोटापाण्याचा हिशेब होता. त्याची खूण नावांतच दिसते: पुढचे नाव इंग्रजी वळणाचे, आडनाव मात्र दिब्रिटो, तुस्कानो, परेरा असे पोर्तुगीज. नाव इंग्रजांनीच दिले असते तर आडनाव पोर्तुगीज उरले नसते. उच्चाराचेही असेच आहे. इंग्रज स्वतः ‘टॉमस’ म्हणतात. आपण ‘थ’ म्हणतो तो वरवर स्पेलिंगचा परिणाम वाटतो, पण प्राचीन ग्रीकमध्ये या नावाचे पहिले अक्षर आपल्या ‘थ’सारखेच महाप्राण होते.

गैरसमज तिसरा : नाव तसा माणूस

समजा, एखादा थॉमस अगदी इंग्रजच आहे. तरी नावावरून काय कळते? १६१६ साल घ्या. त्या वर्षी दोन इंग्रज थॉमस हिंदुस्थानात होते. सर थॉमस रो हे पहिल्या जेम्स राजाचे वकील म्हणून अजमेरात जहांगीरच्या दरबारी कंपनीसाठी व्यापाराच्या सवलती मागत होते. त्याच वर्षी गोव्यातल्या रायतूरला थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले: मराठीत, ओवी छंदात, जवळपास अकरा हजार ओव्यांचे. स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापून निघाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. देश एक, नाव एक, साल एक. एकाच्या कामातून पुढे राज्य उभे राहिले, दुसऱ्याच्या कामातून मराठीला एक महाकाव्य मिळाले. स्टीफन्स धर्मप्रसारासाठीच आले होते, हे खरे. त्याबद्दल त्यांची चिकित्सा खुशाल करावी, पण ती त्यांच्या लेखनावरून करावी, नावावरून नव्हे.

याचे अलीकडचे उदाहरण वसईचेच आहे. भुईगावात जन्मलेले थॉमस डाबरे १९९८ साली वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले आणि पुढे पुण्याचे. त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. अभंगांत वर्षानुवर्षे रमलेल्या माणसाला केवळ नावावरून मराठीबाहेरचा ठरवणे हास्यास्पदच आहे.

‘मग मराठी नावेच का ठेवत नाहीत?’ असा पुढचा प्रश्न येतो. एके काळी यात नियमाचा अडसर होता. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेनुसार बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव घालणे धर्मगुरूचे काम होते. पालकांनी दुसरेच ठेवले तर त्याला संताचे नाव जोडायचे. १९८३ च्या संहितेने ही सक्ती काढली आणि ख्रिस्ती भावनेला परके नसलेले कोणतेही नाव चालेल असे ठरवले. तेव्हापासून थॉमस ठेवायचे की संतोष, हा पूर्णपणे घरचा प्रश्न आहे. आजोबांचे नाव नातवाला द्यावे, या आपल्याच ओळखीच्या ओढीतून थॉमस टिकून आहे.

गैरसमज चौथा : वारल्याने हे नाव लावले की तो आदिवासी राहत नाही

डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत आणि तलासरीत जेझुइटांचे ज्ञानमाता सदनही आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे केवळ चर्चेपुरता राहत नाही, तो दाखल्यापर्यंत पोचतो. कायदा असा आहे: अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. सुरुवातीला ती हिंदूंपुरती होती, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र अशी अटच नाही. केवळ धर्म बदलल्याने माणूस आपोआप जमातीबाहेर जात नाही, आणि तो जमातीच्या चालीरीतींत व समाजात आहे की नाही हे पुराव्याने ठरवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केले. हा नियम बदलावा अशी मागणी होत असते. ती करण्याचा अधिकार कुणालाही आहे, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. आणि जिथे धर्म बदलूनही जमात आपोआप सुटत नाही, तिथे नुसत्या नावाने ती कशी सुटेल? दाखला मागायला आलेल्याचे नाव सोम्या असो की थॉमस, तपासायची ती त्याची जमात, त्याच्या वाडवडिलांच्या नोंदी आणि त्याचे समाजातले स्थान.

दोन हजार वर्षांत या शब्दाने अरामी, ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी, मल्याळी आणि मराठी अशा भाषांतून प्रवास केला आणि कुठल्याही एका भाषेला तो बांधला गेला नाही. रुस्तमला आपण जो न्याय लावतो, तोच थॉमसलाही लावावा. माणूस कोण आहे हे जाणून घ्यायचे असेल तर त्याची भाषा, त्याचे काम आणि त्याचे गाव विचारावे. नावाला तेवढे सांगता येत नाही.