सोलापूर, नान्नज आणि काळे

फळांच्या गाडीवर लांबट, हिरवट-सोनेरी मण्यांचे घड दिसले की आपण विचारतो, "सोनाका आहे का?" नावात सोने आहे, असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्यात एक जिल्हा, एक गाव आणि एक आडनाव आहे. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज आणि का म्हणजे काळे.

नान्नज हे उत्तर सोलापूर तालुक्यातले, बार्शी रस्त्यावरचे गाव. पाऊस बेताचा, मुलूख ज्वारीचा आणि माळरानाचा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य झाले. अशा कोरड्या मुलखात नानासाहेब काळे यांनी द्राक्षबाग फुलवली.

द्राक्ष दख्खनला नवे नव्हते. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे. आपल्यातल्या अनेकांचे सगेसोयरे हैदराबादेत, काचीगुडा-नारायणगुडा भागात आहेत. त्याच शहरात १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी 'अनाब-ए-शाही' हे वाण आणले. पुढे बिनबियांचे थॉमसन सीडलेस आले आणि मराठी बागायतदारांनी ते उचलून धरले. १९६० मध्ये बागायतदारांचा राज्यव्यापी संघही उभा राहिला.

नवे वाण काळे यांच्या बागेत जन्मले ते डोळसपणामुळे. द्राक्षवेलीच्या एखाद्या डोळ्यात निसर्गतःच बदल घडतो. बाकी वेल जुनीच राहते, पण त्या एका काडीचे मणी लांब, जाड किंवा वेगळ्या रंगाचे येतात. पुष्कळांच्या नजरेतून ते सुटते. नानासाहेब अशी काडी हेरत, तिच्यापासून नवी वेल तयार करत आणि पुढच्या बहरात गुण टिकतो का, ते पाहत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग फळ. एवढ्या फेऱ्यांनंतर कुठे वर्षाला एकदा उत्तर मिळते. थॉमसनमधून सोनाका असेच आले. काळ्या मण्यांचे शरद सीडलेसही याच नान्नजचे.

हे एकट्या नान्नजपुरते नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच 'तास-ए-गणेश' निवडले. त्या नावातही तासगाव आणि आर्वे आहेत. शेतकऱ्याने आपले गाव फळाच्या नावात गोवून ठेवले, ही आपल्या भागाची खास रीत म्हणायची.

नानासाहेबांनंतर त्यांचे चिरंजीव दत्तात्रय काळे यांनी हे काम पुढे नेले. सरिता, किंग बेरी ही वाणे त्यांनी आणली आणि एका वाणाला वडिलांचे नाव दिले, नानासाहेब पर्पल.

मात्र काडी कुंपण ओलांडते. शेजाऱ्याला दिलेली काडी दोन वर्षांत चार गावांत पोचते आणि मूळ शोधणाऱ्याचे नाव मागे पडते. अनेक वर्षे शेतकऱ्याला या श्रमाचा कायदेशीर हक्कच नव्हता. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही वाणनिर्माता मानले. त्याला स्वतःच्या नावाने वाणाची नोंदणी करता येते. आज परदेशी वाणांसाठी बागायतदार रॉयल्टी मोजतात. तेव्हा आपल्याच माळावर जन्मलेल्या वाणांची किंमत ओळखायला हवी, त्यांची नोंद ठेवायला हवी.

आपल्याकडे द्राक्ष म्हणा की द्राक्षी, वेल एकच. विजापूरकडच्या बागांचा बेदाणाही तासगावच्या बाजारात येतो. घरच्या बागेत येणाऱ्या मुलांना औषधफवारणीचे वेळापत्रक आपण शिकवतोच. वेगळी दिसणारी काडी ओळखायलाही शिकवू या. तिला दोरा बांधून ठेवा, वहीत तारीख लिहा आणि पुढच्या बहराची वाट पाहा.